हूड मुलगा आणि भातुकली

वाचकहो, मुलाला खेळायला भातुकली द्यावी की न द्यावी, हा प्रश्न धार्मिक मासिकात चर्चेला घ्यावा इतका मोठा आहे का, असे आपल्याला प्रथमदर्शनी वाटेल. तौहीद, नमाज, जकात, वारसाहक्क या विषयांपुढे लाकडी चूल आणि बोटभर उंचीची कढई यांना काय महत्त्व? परंतु घरोघरी विचारल्या जाणाऱ्या अशा लहान प्रश्नांची उत्तरे देताना आपण नकळत फार मोठ्या गोष्टींविषयी निकाल देऊन जातो. पुरुषपण कशात आहे, सेवा कोणी कोणाची करावी, घरातील कष्टांची वाटणी अल्लाहने ठरवली की आपल्या सोयीने, या साऱ्यांवर आपण आपल्या चार वर्षांच्या मुलासमोर मतप्रदर्शन करतो आणि तो ते आयुष्यभर विसरत नाही.

हा प्रश्न दोन रूपांत येतो. घरातील वडीलधारी मंडळी बहुधा विचारतात, “मुलग्याला हे शोभते का?” आई बहुधा विचारते, “याला हे मानवेल का?” शोभणे आणि मानवणे यांत अंतर आहे. पहिला प्रश्न मर्यादेचा आहे, दुसरा प्रकृतीचा. दोहोंची गल्लत झाली की चर्चा भरकटते. म्हणून आधी पहिला प्रश्न घेऊ.

भातुकली आपल्या कोकणाला नवी नाही. तीन दगडांची चूल, करवंटीचे पातेले, फणसाच्या पानांच्या पत्रावळी आणि तांबड्या मातीचा भात, एवढ्यावर इथल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे बालपण गेले. सावंतवाडीच्या कारागिरांनी केलेली रंगीत लाकडी खेळभांडी, पोळपाट-लाटणे, जाते, घरोघरी पोहोचली. आता प्लास्टिकचे ओटे, शेगडी आणि सिंक असलेले संच बाजारात आले आहेत. त्यातील शेगडीला बटण असते आणि ते दाबले की खोटा जाळ दिसतो. (करवंटी अधिक चांगली, असे माझे मत आहे, पण तो येथे वादाचा मुद्दा नाही.) खेळण्यांविषयी आपल्याकडे जो नाजूक मतभेद आहे, तो सजीवांच्या प्रतिमांविषयी आहे. त्यातही हजरत आयेशा (र.) प्रेषितांच्या (स.) घरात बाहुल्यांशी खेळत असत, ही सहीह बुखारीतील नोंद बहुतेक विद्वानांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत देण्यासाठी पुरेशी मानली आहे. कढई आणि पळी तर सजीवही नाहीत. तेव्हा त्या बाजूने अडचण उरत नाही.

खरी अडचण दुसऱ्या हदीसची सांगितली जाते. हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या कथनानुसार, स्त्रियांचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांचा आणि पुरुषांचे अनुकरण करणाऱ्या स्त्रियांचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. हदीस सहीह आहे आणि ती हलक्यात घेण्याची कोणाची प्राज्ञा नाही. स्त्री आणि पुरुष यांची घडण इस्लामने भिन्न मानली आहे, त्यांच्या जबाबदाऱ्यांतही फरक केला आहे, आणि हा फरक पुसून टाकण्याच्या आजच्या आग्रहाशी आपण सहमत होऊ शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की अनुकरण कशातले? हाफिज इब्ने हजर यांनी बुखारीवरील आपल्या भाष्यात इमाम तबरी यांचे म्हणणे दिले आहे, की येथे अभिप्रेत आहे तो स्त्रियांसाठीच असलेला पोशाख आणि साजशृंगार. त्यापुढे बोलण्या-चालण्याची ढब येते. पोशाखाची रीत देशपरत्वे बदलते, हेही तेथेच नमूद आहे. अन्न शिजवणे या यादीत येत नाही. ते येण्यासाठी आधी हे सिद्ध व्हावे लागेल की अन्न शिजवणे ही केवळ स्त्रियांची खूण आहे.

आणि वाचकहो, निदान आपण कोकणातील मुसलमानांनी तरी असे म्हणू नये. आपल्या पूर्वजांचे निम्मे आयुष्य समुद्रावर गेले. आगबोटींच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील आपली माणसे मोठ्या संख्येने होती. त्या जहाजी बोलीत सारंग, टंडेल हे जसे हुद्दे होते, तसाच ‘भंडारी’ हाही एक हुद्दा होता. (येथे जात अभिप्रेत नाही.) भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारा. डोलणाऱ्या जहाजावर, कोळशाच्या चुलीपुढे, पन्नास माणसांचा भात उतरवणारा तो दाढीवाला पुरुष स्त्रियांचे अनुकरण करीत होता, असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. आजही मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या मासेमारी नौकांवर कालवण पुरुषच करतात. आखाती देशांत एका खोलीत सहा-सहा जण राहून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, ते वारीनुसार स्वयंपाक करीत होते आणि सुटीवर आल्यावर ते कौतुकाने सांगतही होते. वलीम्याची देग चढते तेव्हा मोहल्ल्यातील स्त्रिया नव्हे, बावर्ची उभा असतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीलगतच्या खोल्यांत राहणारे परगावचे कामगार पाळी सुटल्यावर स्वतःच डाळ-भात लावतात.

मग आपला आक्षेप नेमका कशाला आहे? जहाजावर चालते, दुबईत चालते, देगेपाशी चालते, पगार मिळत असेल तर हॉटेलातही चालते. चालत नाही ते फक्त स्वतःच्या घरात, आई, बहीण किंवा पत्नी समोर असताना. याचा अर्थ असा की स्वयंपाक पुरुषाला कमीपणा आणतो असे आपण मानतच नाही. घरातील स्त्रीसाठी, मोबदल्याविना काही करणे कमीपणा आणते, असे आपण मानतो. या भावनेला दीनच्या परिभाषेत मर्यादा किंवा हया म्हणत नाहीत. तिला किब्र म्हणतात, आणि राईच्या दाण्याइतका किब्र ज्याच्या अंतःकरणात असेल त्याच्याविषयी प्रेषितांनी (स.) काय बजावले आहे, ते आपण जाणता. चार वर्षांच्या मुलाच्या हातातून पळी काढून घेताना आपण त्याला पुरुषपण शिकवीत असतो की किब्र, याचा विचार ज्याने त्याने करावा.

येथे आपल्या मस्लकाचाही उल्लेख आवश्यक आहे. कोकणी मुसलमान इमाम शाफिई (मृत्यू हिजरी २०४) यांच्या फिक्हनुसार चालतात. नमाजेत हात कोठे बांधावे याविषयी आपण या मस्लकाचा अभिमान बाळगतो. परंतु याच मस्लकात असे सांगितले आहे की भाकरी भाजणे, धुणे-भांडी करणे हे निकाहच्या करारान्वये पत्नीवर बंधनकारक नाही, ही गोष्ट किती घरांत ठाऊक आहे? इमाम नववी यांनी हजरत अस्मा (र.) यांच्या हदीसवर भाष्य करताना हेच स्पष्ट केले आहे, की स्त्रिया हे जे करतात तो त्यांचा उपकार आणि चांगुलपणा आहे, त्यांच्यावरचे कर्ज नव्हे. हजरत अस्मा (र.) या हजरत अबू बक्र (र.) यांच्या कन्या. पती जुबैर (र.) यांच्या घोड्याला चारा त्या घालीत, कणीक त्या मळीत, खजुराच्या बियांचा भार डोक्यावरून वाहून त्या आणीत. मात्र भाकरी त्यांना चांगली जमत नसे, तेव्हा शेजारच्या अन्सारी स्त्रिया त्यांना ती भाजून देत. ही कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे आणि बुखारीत ती नोंदली गेली आहे. हजरत फातिमा (र.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते. म्हणजे त्या आदर्श स्त्रिया कष्ट करीत होत्या, यात शंका नाही. आपले चुकते ते उपकाराला हक्क समजण्यात.

आणि प्रेषित (स.)? असवद यांनी हजरत आयेशांना (र.) विचारले की प्रेषित (स.) घरात असताना काय करीत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजेची वेळ झाली की नमाजेला जात. अन्य कथनांत तपशील आहे. ते चप्पल दुरुस्त करीत, कपडा शिवीत, बकरीचे दूध काढीत. ज्यांच्या एका शब्दावर सहाबी प्राण द्यायला तयार होते, ते घरात काम सांगत बसत नसत. इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हाचा प्रसंग दिव्य कुरआनच्या सूरह जारियात मध्ये आहे. ते गुपचूप घरात गेले, वासरू भाजून घेऊन आले, स्वतः पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवले आणि आग्रह केला. खलीलुल्लाहचे हे चित्र यजमानाचे आहे, वाढणाऱ्याचे आहे. हजरत उमर (र.) यांची ती रात्रही इतिहासग्रंथांतून आपण वाचली असेल. मदीनेबाहेर एक स्त्री भुकेल्या मुलांना झोप लागावी म्हणून रिकामे पाणी उकळत बसली होती. खलीफांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेतले, सेवक असलमला ते उचलू दिले नाही. मग चुलीत फुंकर घातली, आणि धूर त्यांच्या दाढीतून बाहेर पडताना असलमने पाहिला. मुले जेवून हसू लागेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. आपल्या मुलाने भातुकलीत फुंकर घालण्याचे नाटक केले, तर तो कोणाचे अनुकरण करतो आहे?

याच संदर्भात बहिणीचाही विचार करावा लागतो. मुलीला खेळातली चूल मिळो न मिळो, खरी चूल तिच्या वाट्याला लवकरच येते. आठ-नऊ वर्षांची मुलगी तांदूळ निवडते, पाण्याची कळशी आणते, पाहुणे आले की चहाचा ट्रे तिच्या हातात दिला जातो. तिचा भाऊ, तिच्याहून वर्षभराने मोठा, त्या वेळी खाटेवर लोळत असतो आणि पाणीही तिच्याकडूनच मागतो. हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट दिली आणि इतरांना दिली नाही, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या देणगीला साक्षी राहण्याचे नाकारले आणि मुलांमध्ये न्याय करण्याची आज्ञा केली. आपण ही हदीस मालमत्तेपुरती वाचतो. विसावा हीसुद्धा एक देणगीच आहे, आणि ती आपण एकालाच देत असतो.

आता दुसरा प्रश्न, प्रकृतीचा. समजा, शोभण्याची शंका मिटली. तरी जो मुलगा क्षणभर स्वस्थ बसत नाही, त्याला बैठा खेळ मानवेल का? रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरजोळ्यात ज्यांनी लहान मुलांसह हे महिने काढले आहेत, त्यांना या प्रश्नाची धार सांगावी लागत नाही. अंगणात चिखल, शाळेला सुटी आणि पडवीत वाघासारखा येरझारा घालणारा पोरगा. अशा वेळी भातुकली आणून देताना आईच्या मनात एक आशा असते, की आता हा तासभर गप्प बसेल. ती आशा बहुधा फोल ठरते. झाकणे चक्रासारखी भिरकावली जातात, पळीची तलवार होते, आणि मग निष्कर्ष निघतो की भातुकली हा मुलग्यांचा खेळ नव्हेच.

हा निष्कर्ष घाईचा आहे. मुलाला गप्प करण्यासाठी दिलेले कोणतेही खेळणे फसते. हूडपणा हा रोग नाही. यूसुफ (अ.) यांच्या भावांनी वडिलांकडे परवानगी मागताना सांगितले की उद्या त्याला आमच्याबरोबर पाठवा, तो खाईल, खेळेल. याकूब (अ.) यांनी भीती व्यक्त केली ती लांडग्याची. खेळण्याला त्यांनी हरकत घेतली नाही. प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते. सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तर प्रेषितांनी (स.) सजदा लांबवला. धावणे, पोहणे, कुस्ती यांची जागा भातुकलीने घ्यावी असे कोणी म्हणत नाही, आणि घेऊही नये. पाऊस जरा उघडला की मुलगा बाहेर गेलाच पाहिजे.

तरीही एक उदाहरण मला सारखे आठवते. हजरत अनस (र.) सुमारे दहा वर्षांचे असताना त्यांच्या आई उम्मे सुलैम (र.) यांनी त्यांना प्रेषितांच्या (स.) सेवेत दिले. म्हणजे घरकाम करणारा एक मुलगाच. एकदा प्रेषितांनी (स.) त्यांना कामासाठी पाठवले. बाजारात मुले खेळत होती, अनस तेथेच रेंगाळले. थोड्या वेळाने मागून कोणीतरी मान हलकेच धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे, लाडाने ‘उनैस’ म्हणून हाक मारीत, सांगितलेल्या ठिकाणी गेलास का, असे विचारीत. दहा वर्षांच्या सेवेत आपल्याला एकदाही ‘उफ’ म्हटले गेले नाही, अशी साक्ष अनस (र.) यांनी पुढे दिली. या प्रसंगात मुलाचे काम आहे, मुलाचा खेळ आहे, विसरणे आहे, आणि त्या विसरण्याला मिळालेले हसू आहे. अनस (र.) यांना घरातील काम मानवले, कारण ते सांगणारा माणूस तसा होता. खेळणे कोणते, याच्याइतकेच ते कोणाच्या सोबतीने खेळले जाते, याला महत्त्व आहे.

ज्यांनी आयुष्यभर लहान मुलांत काम केले, त्यांचा अनुभवही येथे उपयोगी पडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत गेले. मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. महागड्या साधनांऐवजी परिसरात सापडणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. माँटेसरींच्या पद्धतीत ओतणे, चाळणे, निवडणे, पुसणे ही कामे तीन-चार वर्षांच्या मुलांना, मुलगे-मुली असा भेद न करता दिली जातात. कारण साधे आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी न सांडता ओतणे हे हूड मुलासाठी आव्हान असते. तेथे हात, डोळा आणि श्वास एकाच वेळी आवरावे लागतात.

म्हणून हूड मुलाला भातुकली द्यायची तर जड द्या, ओली द्या, खरी द्या. पोकळ प्लास्टिकची कपबशी त्याला दोन मिनिटांत कंटाळवाणी वाटते. पितळेचा जुना तांब्या, लाकडी उलथने, पागोळ्यांखाली भरून ठेवलेली बादली, वाळू, चाळण, करवंट्या एवढे पडवीत ठेवून पाहा. पाणी वाहून आणणे, ‘लाकडे’ गोळा करणे, पीठ तिंबणे, दहा जणांना वाढणे ही अंगमेहनतीची कामे आहेत. मुलगा त्यात घामाघूम होतो. त्याला हॉटेल मांडू द्या, जहाजावरचा भंडारी होऊ द्या, वलीम्याची देग चढवू द्या. आणि त्याला नकोच असेल तर आग्रह धरू नका. भातुकली न खेळणारा मुलगाही पुढे आईच्या हातातील परात घेणारा होऊ शकतो, जर त्याने आपल्या बापाला ती घेताना पाहिले असेल.

काही सावधगिरीच्या गोष्टी. खेळात धान्य द्यावे का, असे अनेकजण विचारतात. सांडलेला घासही पुसून खाण्याची शिकवण असलेल्या घरात तांदूळ चिखलात मिसळू नयेत. वाळू आणि पाने पुरेशी आहेत. खरे पीठ दिले तर त्याची वेडीवाकडी भाकरी भाजून ती घरात खाल्ली जावी. विस्तवाविषयी प्रेषितांनी (स.) स्वतः इशारा दिला आहे, की ही आग तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवा, तेव्हा खऱ्या शेगडीपासून खेळाची जागा दूर असावी आणि गॅसचे बटण मुलाच्या हाताला लागू नये.

आणखी एक शंका प्रामाणिक पालकांच्या मनात येते. मुलगा रिकामा कप पुढे करतो आणि आपण घुटका घेतल्यासारखे करून चहा छान झाला म्हणतो. हे खोटे बोलणे झाले का? एका आईने खजूर देते म्हणून मुलाला बोलावले, तेव्हा तू दिला नसतास तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे प्रेषितांनी (स.) तिला सांगितले होते, हे आठवून ही शंका येते. परंतु तेथे मूल फसले असते. येथे फसत कोणीच नाही. कप रिकामा आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. हजरत आयेशांच्या (र.) खेळण्यांत एक पंखांचा घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे उत्तर आले, आणि ते इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. तेव्हा तो रिकामा कप बिनदिक्कत हाती घ्या, आणि साखर थोडी कमी पडली असे वाटत असेल तर तसेही सांगा. तो पुन्हा धावत जाऊन घालून आणील.